हसरी हवी

“नऊ फोटो आणलेत तुम्ही मिस्त्री, आणि नऊच्या नऊ फोटोंत तोंड बंद,” चित्रकार बाई म्हणाल्या. “ओठ शिवल्यासारखे. आणि तुम्ही म्हणताय, हसरी हवी.”

“हसरी हवी,” मी म्हणालो.

“हसायची का?”

“खूप. कुणी शिंकलं तरी हसायची.”

“मग काय, कॅमेऱ्याशी भांडण होतं तिचं?”

बाईंची खोली टायरच्या दुकानावर होती. भिंतीला लावून चित्रं उभी करून ठेवलेली, बहुतेक मेलेल्या माणसांची. कुणाचे आजोबा, कुणी हेडमास्तर. टर्पेंटाइनचा वास होता. त्या वासात मला परकं वाटलं नाही, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं. मी डेंटर. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणं हे माझं काम. आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडा मारायचा. पोचा जेवढा खोल तेवढा मार. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. काम चांगलं झालं याची खूण एकच. मार कुठे बसला होता, हे गाडीच्या मालकालासुद्धा सापडता कामा नये.

बाई साठीच्या असतील. बोटांना रंग, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. त्यांनी भिंग घेऊन एक फोटो पाहिला, मग दुसरा.

“मोठ्याने हसणारी माणसं फोटोत असं तोंड दाबून बसत नाहीत. दाताचं काही होतं का?”

“एक नव्हता. वरचा, समोरचा. डावीकडचा.”

“कसा गेला?”

“पडला.”

“असाच?”

“टाकीच्या पायरीवरून घसरली. जुनी गोष्ट आहे. तुम्ही चित्रात दात काढा.”

बाई हसल्या. “दात काढा म्हणजे नक्की काय करू? हसू, उपटू, की रंगवू?”

त्या गमतीने म्हणाल्या. मी म्हणालो, “भरा. पुरा करा. पडलेला आहे हे दिसता कामा नये.”

“बरं. गिऱ्हाईक सांगेल तसं. पण हसतानाचा एक तरी फोटो आणा. मी माणसाचं हसू मनाने रंगवत नाही. मनाने रंगवलं की सगळी माणसं सारखीच हसतात.”

तसा फोटो एकच होता. मुलीकडे.

आमची ही जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. पोटात गाठ निघाली, ऑपरेशनला नेलं, तिथून परत आली नाही. नेण्याआधी नर्सने विचारलं होतं, “बसवलेले दात आहेत का आजी? काढून ठेवा.” ही म्हणाली, “बसवलेला नाही. एक पडका आहे.” नर्स आपली गप्पा मारायच्या म्हणून म्हणाली, “कसा हो पडला?” मी शेजारीच उभा होतो. हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “पायरीवरून घसरले,” म्हणाली. ते तिचं शेवटचं धड वाक्य. माझ्यासाठी बोललेलं खोटं.

मुलगी चौथ्या मजल्यावर राहते. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आईच्या मागे ती माझ्याकडे फारशी आली नाही, फोनवर “जेवलात का, औषध घेतलं का” एवढंच. तिने दार उघडलं ते साखळी लावूनच. मी आहे हे पाहिल्यावरही साखळी काढायला तिला जरा वेळ लागला.

“आईचा तो हसतानाचा फोटो आहे ना तुझ्याकडे? जावयांनी काढलेला?”

“आहे. का?”

“चित्र करून घेतोय. मोठं, रंगीत. बाहेरच्या खोलीत लावायला.”

“तुम्ही?” ती म्हणाली. “आईचं? हसतानाचं?”

“हो. आणि दात भरून घेणार आहे. पुरा.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईला राग आला की ती भांडी आपटायची. ही काहीच आपटत नाही. आत गेली, फोटो घेऊन आली आणि खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी डबी घेऊन आली. टेबलावर डबी उपडी केली. बारके बारके दात टेबलावर सांडले.

“हे सहा माझे,” ती म्हणाली. “दुधाचे. आणि हा आईचा.”

तो मोठा होता. मूळ अर्धं तुटलेलं. पिवळा पडलेला.

“तुमच्या चित्रकार बाईंना विचारा, मापाला उपयोगी पडतो का.”

“हा तुला कुठे...”

“ओट्याखाली, बरणीमागे. दुसऱ्या दिवशी. सहा वर्षांची होते मी बाबा, माझे दात तेव्हा एकेक पडत होते. मला वाटलं, आईचाही पडला. मला आनंद झाला होता, माहितीये? शेजारी सांगितलं, शाळेत सांगितलं. ‘माझ्या आईचा पण दात पडला.’ सगळे हसले. आईपण हसली, तोंडाला फडकं लावून. मग तिनं तेच धरलं. पायरीबियरी नंतर आली, लोक विचारायला लागल्यावर. पण ‘पडला’ हा शब्द माझा आहे.”

मी उभा होतो. बसा असं ती म्हणाली नव्हती.

“मोठ्या माणसांचे दात आपोआप पडत नाहीत हे कळायला मला दोन वर्षं लागली,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही मला सायकल शिकवत होता. मागून सीट धरून पळायचात. मी मागे वळून बघायची ना सारखी? तुम्हाला वाटायचं, मी पडायला घाबरते.”

मी फोटो उचलला. दाताला हात लावायचं धाडस झालं नाही. जिन्यात जावई भेटले, “बसा ना, चहा घेऊन जा,” म्हणाले. मी म्हटलं गाडी उघडी ठेवून आलोय. गाडी नव्हतीच, मी चालत आलो होतो.

फोटो बाईंना देऊन आलो. त्यांनी आठ दिवसांनी कच्चं काम बघायला बोलावलं. ते आठ दिवस मी गॅरेजमध्ये दरवाजे ठोकले. एका गाडीचं मडगार्ड इतकं ठोकलं की पत्रा फाटला. मालक म्हणाले, “मिस्त्री, पोचा काढायला सांगितला होता, भोक पाडायला नाही.” चौतीस वर्षांत माझ्या हातून पत्रा फाटला नव्हता.

आठव्या दिवशी गेलो. बाई आतल्या बाजूला चहा टाकत होत्या, तिथूनच म्हणाल्या, “बघा, बघा, मी आलेच.”

चित्र लाकडी तिपाईच्या घोडीवर उभं होतं आणि त्यात ती होती. मान मागे टाकलेली, डोळे बारीक झालेले, तोंड पुरं उघडं, आणि उजवा हात तोंडाकडे निघालेला, अर्ध्या वाटेवर. हसताना ती नेहमी हात तोंडावर न्यायची. आणि उघड्या तोंडात डावीकडे ते भोक होतं. काळं नव्हे, तांबूस काळं.

मला सांगता येणार नाही मला काय झालं. शेजारी पाटीवर पांढरा रंग काढून ठेवला होता. आम्ही बारीक पोचा अंगठ्यानेच भरतो, पत्र्याचं माप डोळ्यापेक्षा अंगठ्याला जास्त कळतं. मी अंगठाभर पांढरा घेतला आणि तिच्या तोंडात दाबला. दाबून सारवला. ओठाला लागला, हनुवटीवर आला. मी आणखी घेतला. तोंडात फरशीचा तुकडा बसवल्यासारखं दिसायला लागलं, तरी मी दाबतच होतो. चित्राचं कापड आत जायला लागलं. घोडी मागे सरकली.

“अहो मिस्त्री! सोडा! सोडा ते!”

बाईंनी मागून माझी बाही ओढली. मी वळलो आणि माझा हात वर गेला.

पुरा वर. उलटा. जसा पूर्वी जायचा तसाच. सत्तावीस वर्षांत तो कुठे गेला नव्हता, खांद्यातच बसून होता.

बाई हलल्या नाहीत. घाबरल्या होत्या, गळ्याची शीर उडत होती. पण म्हणाल्या, “मारा. पण रंग ओला आहे, तुमचाच शर्ट खराब होईल.”

मी हात खाली घेतला. त्या लांब झाल्या, माझ्यावरची नजर न काढता स्टुलावर बसल्या. चहा आत उतू गेला, त्याचा वास आला. दोघंही जागचे हललो नाही.

मग त्यांनी विचारलं, “दात पडला?”

“पडला.”

“बरं. मिस्त्री, मला एक करून दाखवा. समजा तुम्हाला हसू आलंय आणि दात दाखवायचे नाहीत. तोंड झाका बरं.”

“कशाला?”

“झाका हो.”

मी उजवा हात तोंडावर नेला.

“तळवा कुठे आहे तुमचा?”

“तोंडाकडे.”

“ठीक.” त्यांच्याजवळ एक लांब काठी असते, बारीक काम करताना हात टेकवायची. ती त्यांनी उचलली आणि काही कळायच्या आत सणकन माझ्या तोंडावर आणली. माझा हात मध्ये गेला. काठी बोटांवर बसली, डोळ्यांतून पाणी आलं.

“आता तळवा कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

माझा हात तसाच हवेत होता. तळवा बाहेर. बाईंकडे.

त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला. त्यात तिचा हात तोंडाकडे निघालेला होता आणि तळवा बाहेर होता. हा फोटो मी मुलीच्या घरी हजार वेळा पाहिला असेल. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, दात झाकतेय.

“मी आठ दिवस या हाताशी झगडतेय,” बाई म्हणाल्या. “बसेचना मनासारखा. शेवटी फोटोत आहे तसा काढला. आणि बघा, ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. बाजूला बघतेय. फोटो जावयांनी काढला ना? मग बाजूला कोण होतं?”

“मी,” मी म्हणालो.

तो मुलीच्या नव्या घरातला पहिला दिवस होता. मी पलंग जोडायला घेतला होता आणि उलटा जोडून ठेवला, पाय वर करून. सगळे हसले. ही सगळ्यांत मोठ्याने. मी पान्हा हातात घेऊन उभा होतो आणि मीही हसत होतो. दहा वर्षं झाली त्याला.

“त्या दिवशी मी काही केलं नव्हतं बाई,” मी म्हणालो. “आई शपथ. मी हसत होतो.”

“त्या दिवशी नसेल.”

मग मी सांगितलं. याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी तिशीचा होतो. एका गाडीचे दोन दरवाजे मी रंगवले, संध्याकाळच्या उजेडात. सकाळी उन्हात पाहिलं तर एक दरवाजा एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. तेव्हाचे मालक वेगळे होते. त्यांनी गिऱ्हाइकासमोर, सगळ्या गॅरेजसमोर माझ्या कानाखाली वाजवली. मी घरी आलो. ही ओट्याशी उभी होती. काय झालं म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. आणि ती हसली. मालकाने मारलं ते मी सांगितलंच नव्हतं, मी फक्त दरवाज्यांचं सांगितलं. म्हणाली, “म्हणजे एका बाजूनं चढायचं हिरव्या गाडीत आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं निळ्या गाडीतून!” आणि हसत सुटली. मी म्हणालो, “दात काढतेस?” ती हसतच होती. मी म्हणालो, “थांब, मीच काढतो.” आणि उलटा हात मारला. हातात भांडं होतं, पाणी प्यायला घेतलेलं, पितळी. ते सोडलं नाही. ते हातात आहे हे मला माहीत होतं. मी पुन्हा मारला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा ती हसत नव्हती. ओट्यावर रक्त, भिंतीवर रक्त. रक्त गिळत ती म्हणाली, “पोरगी उठेल.”

“त्याआधीही मारायचात?”

“मारायचो. एखाद्या वेळी. पण त्या दिवसानंतर हात उगारला नाही बाई. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.”

“हे तुम्हाला माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी उगारणार नाही, हे तिला कोण सांगत होतं?”

त्यांनी पातळ पात्याची सुरी घेतली आणि तिच्या तोंडातला पांढरा रंग खरवडायला लागल्या. खरवडायचा, चिंधीला पुसायचा, पुन्हा खरवडायचा. तो आवाज मला नेहमीचा. जुनी पुट्टी आम्ही अशीच काढतो. मी बघत बसलो. पांढऱ्याखालून हळूहळू ते तांबूस काळं भोक पुन्हा वर आलं.

“बोला आता,” त्या म्हणाल्या. “दात भरून देते. हात खाली घेते, मांडीवर ठेवते. चित्र तुमचं आहे, कुणाला काही कळणार नाही.”

“मग हसू तसंच राहील ना?”

बाईंनी सुरी खाली ठेवली. “नाही. दुसरं कुठलं तरी राहील. हिचं हसू आणि हा हात बरोबर उठतात, मिस्त्री. एक ठेवून दुसरं काढता येत नाही. मी करून बघितलंय.”

मला तिचं हसू हवं होतं. तेवढ्यासाठीच आलो होतो. जे मी भांड्याने फोडलं, ते निदान भिंतीवर तरी धड लावायचं, एवढंच मनात होतं.

“आहे तसं राहू द्या,” मी म्हणालो.

तिला जाऊन वर्ष झालं, त्याच्या नंतरच्या रविवारी मी तिघांना दुपारी घरी बोलावलं. मुलगी, जावई आणि माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मेहुणा गोदामात हमाली करतो. पन्नाशी उलटली तरी दोन पोती एकदम उचलतो. तोंडाचा फटकळ, पण बहिणीवर जीव. चित्र मी आदल्या दिवशी आणलं होतं आणि बाहेरच्या खोलीत स्वतः टांगलं. खिळा ठोकताना पहिला घाव चुकला, भिंतीचा टवका उडाला. हातोड्यात उभा जन्म गेला माझा, खिळा कधी चुकला नव्हता.

मुलगी आली आणि चित्रासमोर उभी राहिली. तिने तोंड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“भरला नाही?” ती हळूच म्हणाली.

“नाही.”

मेहुणा मागून आला. “अगं बाई, आमची तायडी! काय काढलंय हो दाजी, आत्ता बोलेल असं वाटतंय!” त्याने डोळे पुसले आणि लगेच नेहमीची थट्टा काढली. “पण काय हो, नवरा डेंटर आणि बायकोला एक दात कमी! मी तायडीला म्हणायचो, अगं थोडी चूक झाली बघ तुझी, डेंटिस्ट करायचा होतास!”

ही थट्टा तो सत्तावीस वर्षं करत होता. प्रत्येक वेळी ती हसायची. जावई हसले. कुणीच हसलं नाही तर बरं दिसत नाही म्हणून.

“पण दाजी, तेवढा दात भरून घ्यायचा ना,” मेहुणा म्हणाला. “पायरीवर पडला तर पडला बिचारीचा, चित्रात कशाला दाखवायचा? आणि हा हात असा का? ‘थांबा’ म्हणतेय का कुणाला?”

“मला,” मी म्हणालो.

“काय मला?”

“मला थांबवतेय. दात पडला नाही. मी पाडला.”

पडला आणि पाडला. एका कान्याचा फरक. सत्तावीस वर्षं तो माझ्या घशात अडकून होता.

मेहुण्याला आधी कळलंच नाही. तो अर्धवट हसत होता. मग त्याने भाचीकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. तेव्हा त्याला कळलं.

पहिला ठोसा कानावर आला. मी भिंतीवर आदळलो. दुसरा डोळ्यावर. मग त्याने माझी मान धरली आणि पोतं आपटावं तसं मला जमिनीवर आपटलं. “मला जेवायला वाढायची,” तो म्हणत होता, प्रत्येक शब्दाला एक लाथ, “त्याच. तोंडानं. हसत. वाढायची!” स्टूल हाताला लागलं, ते घातलं पाठीत. स्टुलाचा पाय तुटला. तोंडात रक्ताची चव आली. खारट. तिलाही अशीच लागली असेल, तेवढंच मनात आलं. जावई पुढे झाले. मुलीने त्यांचा दंड धरला.

“राहू दे,” ती म्हणाली.

स्टुलाचा तुटलेला पाय घेऊन मेहुणा पुन्हा आला, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. चेहऱ्यापुढे. माझी नजर त्या हातावर गेली. तळवा बाहेर होता. मी तो खाली घेतला. खाली घ्यायला जोर लागला. खाली घेऊन मांडीखाली दाबून ठेवला.

मेहुण्याने मारलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, मग चित्राकडे बघायला लागला. लाकूड हातातच राहिलं.

“मी त्या दातावर हसलो,” तो म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. “दर वेळेला. तिच्या तोंडावर. आणि तीपण हसायची रे. हात लावून हसायची.” आणि एवढा दांडगा माणूस जमिनीवर बसला आणि हुंदके द्यायला लागला. माझ्यापासून दोन हातांवर. पाणी हवं का म्हणून मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. त्याला पाणी देणारा मी कोण?

मुलीने खुर्चीवर चढून चित्र उतरवलं. आईची चादर पलंगावरून काढली, त्यात गुंडाळलं. कोपरे नीट दुमडले. काम करताना तिचे हात थेट आईचे.

“मी नेते हे,” ती म्हणाली.

मी मान हलवली. डोळा बंद होत आला होता.

दारात ती थांबली. “बघायचं असेल तर या. रविवारी. पण आधी फोन करून.”

सोमवारी कामावर गेलो. मालकांनी माझं थोबाड पाहिलं. “अरे बापरे! पडलात का काय मिस्त्री?”

त्यांनी शब्द तयार करूनच दिला होता. फक्त घ्यायचा होता.

“नाही,” मी म्हणालो. “मेहुण्याने मारलं. कारण होतं.” आणि ठोकळा घेऊन गाडीखाली गेलो.

घरी भिंतीवर खिळा आहे आणि त्याच्या शेजारी उडालेला टवका. पुट्टी माझ्या पिशवीत कायम असते. दोन बोटांचं काम आहे. अजून भरलेला नाही.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी फोन केला. “या,” मुलगी म्हणाली.

चित्र तिने आतल्या खोलीत, खिडकीसमोर लावलं होतं. उजेड चांगला येतो तिथे. बाई म्हणाल्या होत्या, उन्हातच बघा, रंग तेव्हाच खरा दिसतो. मला ते कुणी वेगळं सांगायला नको होतं. मुलीने एक खुर्ची आणून चित्राच्या अगदी पुढ्यात ठेवली, म्हणाली, “बसा. चहा टाकते,” आणि गेली.

मी बसलो. ती हसत होती. पुरं तोंड उघडून, मान मागे टाकून. आणि हात निघालेला, तळवा माझ्याकडे.

मी उठलो. खुर्ची मागे घेतली. माझा हात लांब करून पाहिला, अजून तिच्यापर्यंत पोचत होता. आणखी मागे घेतली, पार भिंतीला टेकेपर्यंत. पुन्हा हात लांब केला. आता पोचत नव्हता.

तिथे बसलो.